कोठारातली शेवटची दोन मिनिटं

देवयानीने लिफ्टकडे पाहिलंसुद्धा नाही. कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या त्या इमारतीत स्टुडिओ चौथ्या मजल्यावर होता. तिने दहा वर्षांच्या चैत्रालीचा हात धरला आणि सरळ जिना गाठला.

“आई, आज तरी लिफ्ट!”

“चारच मजले आहेत. व्यायाम होतो.”

“तुझा रोजच व्यायाम असतो,” चैत्राली कुरकुरली आणि बंगालीतून पायऱ्या मोजू लागली.

खरं तर देवयानीला यायचंच नव्हतं. पण अप्पांना नाही म्हणायची तिला सवय नव्हती. अप्पा म्हणजे दिग्दर्शक श्रीकांत. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी मुलांसाठी एक सिनेमा काढला होता आणि त्यातली नऊ वर्षांची मुलगी म्हणजे देवयानी. ती मुलगी आपलं करडू शोधत धान्याच्या कोठारात शिरते, मागे दार लागतं, आणि शेवटी पोत्यांवर पोती रचून, धान्य मापायच्या पायलीच्या कडेने दाराच्या वरच्या बिजागरीचा खिळा उचकटून ती करडासकट हसत बाहेर येते. एवढीच गोष्ट. देवयानीच्या नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि चैत्रालीला सगळीकडून बंगाली नि हिंदीच ऐकू यायला लागलं, तेव्हा बालीगंजच्या घरात देवयानीने तिला मराठी शिकवलं ते याच सिनेमावर. पोरीला तो तोंडपाठ होता.

आता अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि सॉल्ट लेकला मुलाकडे राहत होते. त्यांनी तो सिनेमा नव्याने जुळवला होता. नवा आला की मोबाइलवर दिसणारा जुना निघणार, असं त्यांनी सिनेमा दाखवणाऱ्या कंपनीशी पक्कं केलं होतं. नव्या सिनेमात मुलगी बाहेर येत नाही. तो बंद दारावरच संपतो. त्या शेवटच्या प्रसंगाचं चित्रण तेव्हाच झालेलं होतं, पण आवाज नव्हता. म्हणून त्यांना एक मराठी बोलणारी मुलगी हवी होती, आणि या शहरात ती शोधायला लांब जायची गरज नव्हती.

“या, या!” अप्पा खुर्चीतून उठायला लागले, तशी देवयानीने त्यांना खांद्याला धरून बसवलं. “देवू, ही तर अगदी तू! तेच नाक!”

“नाक बाबांचं आहे,” चैत्राली म्हणाली. “अप्पाआजोबा, ती बाहेर का नाही येत?”

“कारण खरं म्हणजे ती येऊच शकली नसती. तो निर्माता म्हणाला, पोरं रडतील, हसरा शेवट करा. मी केला. छत्तीस वर्षं तो खोटा शेवट माझ्या नावावर आहे बघ.”

“पण मी पाहिलंय ना तिला बाहेर येताना.”

“ती चूक होती, बाळ. लेखक दुसऱ्या आवृत्तीत चुका सुधारत नाही का?”

चैत्रालीने विचार केला. “पण पहिली आवृत्ती आमच्या शाळेच्या लायब्ररीत असते. कुणी घरी येऊन घेऊन जात नाही.”

ध्वनिमुद्रण करणारा शंतनु मराठी कळत नसतानाही तिचा आविर्भाव पाहून हसला. अप्पाही हसले, पण मान मात्र हलवली. “दोन ठेवले तर सगळे हसराच बघतील. मग माझा कोण बघणार?”

देवयानीला बोलायचं होतं. ती दारातून बाहेर येते ना अप्पा, तेवढं राहू द्या, असं. टॅक्सीत तिने ते वाक्य मनात चार वेळा जुळवलं होतं. पण लहानपणी बाबांनी अप्पांसमोर तोंड उघडू दिलं नव्हतं, आणि सिनेमाच्या करारावर सही केली होती तीही बाबांनीच. ती कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड होतं, आणि बोललेलं तिथल्या तिथे विरून जात होतं. चैत्राली काचेपलीकडच्या छोट्या खोलीत गेली आणि शंतनुने तिच्यामागे जड दार ओढून घेतलं. देवयानीची बोटं सोफ्याच्या कडेवर घट्ट झाली.

“वाक्य सोपं आहे,” अप्पा माइकवर म्हणाले. “‘आई, दार उघड.’ तिचे ओठ बघायचे आणि बरोबर तेव्हाच म्हणायचं.”

पडद्यावर चित्र आलं. अंधार, वरून उजेडाची एक पट्टी आणि त्या पट्टीत एक मुलगी दार बडवते आहे. नाक गळतंय, केसांना धान्याचा कोंडा चिकटलाय. तिने एकदा मागे पाहिलं, मग पुन्हा दारावर दोन्ही तळवे आपटले.

देवयानीचे तळवे चुरचुरले.

हे तिने केलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, पण सिनेमासाठी नव्हे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अप्पांनी तिला करडाची दोरी आणायला कोठारात पाठवलं होतं, आणि बाहेरून कडी अडकली होती. किती वेळ गेला ते तिला कधीच कळलं नाही. दार उघडल्यावर अप्पांनीच तिला उचलून घेतलं, गूळ दिला आणि म्हणाले, “मेली गंजकी कडी!” तेव्हापासून लिफ्ट नाही, बसची मागची सीट नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही. त्या गंजक्या कडीला ती छत्तीस वर्षं दोष देत आली होती.

आणि हा उजेड दारावरच्या झरोक्यातून येत होता. चित्रही तिथूनच घेतलेलं होतं; म्हणजे ती दार बडवत असताना कॅमेरा झरोक्यात चालू होता.

“आई, दार उघड!” चैत्राली आतून ओरडली. मग थांबली. “अप्पाआजोबा, जमत नाही. ‘आई’ म्हणताना ओठ मिटत नाहीत. हिचे मिटतात. बघा ना.”

अप्पांनी खूण करताच शंतनुने चित्र मागे घेऊन सावकाश चालवलं. मुलीचं तोंड उघडलं, ओठ एकमेकांवर घट्ट आले आणि पुन्हा उघडले. पुन्हा. पुन्हा.

“ती ‘अप्पा’ म्हणतेय,” चैत्राली म्हणाली. “पण सिनेमात अप्पा कुणीच नाहीये.”

शंतनुने चित्र थांबवलं. अप्पा समोरच्या बटणांकडे बघत राहिले.

देवयानी उठली. तिने ते जड दार उघडलं आणि चैत्रालीला बाहेर पाठवलं. स्वतः आत गेली. “बंद करा,” ती शंतनुला हिंदीत म्हणाली. दार लागलं आणि कानांत दडे बसल्यासारखं झालं. काचेवर तांबडा दिवा उमटला. तिने माइकची दांडी धरली.

चित्र सुरू झालं.

“अप्पा, दार उघडा. अप्पा, मी इथे आहे. अप्पा, उघडा ना.”

एकेक अक्षर ओठांवर नेमकं बसलं. आवाज पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा होता, तरी बसला.

दिवा विझताच तिने स्वतःच हँडल खाली दाबलं आणि ती बाहेर आली. “घ्या,” ती म्हणाली. “खरा शेवट हवा होता ना? मग हेच वाक्य लावा. करार तुमच्याकडे आहे, मी अडवू शकत नाही. पण ‘आई’ लावू नका. आई नव्हती तिथे.”

अप्पांनी चष्मा काढला. “पाचच मिनिटं ठेवायचं ठरलं होतं,” ते पुटपुटले. “उजेड चांगला आला... मग वीस झाली. देवू, तू त्यानंतर लगेच हसलीस गं. मला वाटलं, विसरलीस.”

“तुम्ही गूळ दिलात म्हणून हसले.”

अप्पांनी चष्मा पुन्हा लावला. मग शंतनुला हिंदीत म्हणाले, “शेवट जुनाच लावा.” आवाज इतका बारीक होता की त्यांना पुन्हा सांगावं लागलं. मग देवयानीकडे न पाहता म्हणाले, “ती बाहेर येऊ दे. आणि हे रीळ तू घेऊन जा. पण नदीचा प्रसंग मी कापणार हं. तो फार लांबलाय.”

“नदी पण नको!” चैत्राली ओरडली.

“हे बघ, सगळंच तुझं ऐकणार नाही.”

“मग जुनी आवृत्तीपण ठेवा!”

या वेळी अप्पा नको म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर लिफ्ट समोरच उघडी उभी होती. देवयानीने पिशवीतला रिळाचा गोल डबा सावरला. लिफ्टकडे एकदा पाहिलं आणि ती जिन्याकडे वळली.

या वेळी चैत्राली कुरकुरली नाही. “आई, तू ओरडत होतीस तेव्हा कुणालाच ऐकू आलं नव्हतं?”

“आलं होतं,” देवयानी म्हणाली. “चल, सांगते.”

पायऱ्या पुष्कळ होत्या. या खेपेला चैत्रालीने त्या मोजल्या नाहीत.