दुरुस्त पेटी

ताईने भाता ओढला आणि एक पट्टी दाबून धरली. धाकटी तिच्याकडे पाठ करून, कपाटाच्या दाराला नाक लागेल इतकी जवळ बसली होती.

"ग," धाकटी म्हणाली.

"ध."

"परत वाजव."

"परत वाजवला की त्याचा ग होणार आहे?"

परवा संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा होती. पडद्याआडून सूर वाजवणार आणि हिने तो ओळखायचा. गेल्या वर्षी ती तिथेच अडली. वयाच्या अटीमुळे आता ही शेवटची संधी होती. म्हणून कामावरून आल्यावर ताई रोज पेटीपुढे बसायची, आणि कालपर्यंत धाकटीचा एकही सूर चुकत नव्हता.

"एका दिवसात कान गळून पडले का तुझे?"

"पेटी बदललीय."

"तीच आहे. बाबांनी फक्त दुरुस्त करून आणलीय."

"तेच सांगतेय." धाकटी वळली. "ग खडखडायचा. प फुसकारायचा. रे जरा उशिरा बोलायचा. ध सोडताना टक् व्हायचं."

"आणि सूर?"

धाकटी कपाटाची सैल मूठ फिरवत राहिली.

"म्हणजे वर्षभर मी इथे पाठ मोडून घेत होते, आणि तू खडखडाट पाठ करत होतीस!"

बाबा ओले हात पुसत दारात आले. दुपारी पेटी घरी आणल्यापासून त्यांनी तिच्यावरून दोनदा फडकं फिरवलं होतं. "परीक्षेतली पेटी धड असणार, म्हणून म्हटलं... मी आपलं चांगलं करायला गेलो."

"बाबा, तुम्ही जरा आत थांबा," ताई म्हणाली. ते गेले.

ताईने सा धरून ठेवला. "हा सा. डोक्यात भर आणि तिकडे तोंड कर. अगं, तिकडे म्हटलं ना!"

"म," धाकटी कपाटाला म्हणाली.

"मी अजून काही वाजवलंच नाहीये."

"ओरडलीस ना. तो 'ना' 'म'वर होता."

ताईने तोच 'ना' पुन्हा म्हणून पाहिला, मग 'म'ची पट्टी दाबली. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले.

"फार शहाणी आहेस."

"ग. टोमणा मारताना तू एक पायरी खाली येतेस."

ताईला हसू आलं, ते तिने गिळलं. एवढ्यात स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला, दबकत, विचारू की नको अशा बेताने.

"चहा टाकू का?"

सा तसाच धरून ताईचं दुसरं बोट पट्ट्यांकडे गेलं.

"शोधू नकोस. सा आहे," धाकटी म्हणाली. मग थोडं थांबून, "चहाचं बाबा एरवी 'प'वर विचारतात."

ती उठली आणि आत गेली. भात्यातली हवा संपून सा बंद पडला. आतून तिचं बोलणं ऐकू आलं.

"बाबा, मघाशी नीट ऐकू आलं नाही. परत विचारा ना."

भांड्याचा आवाज झाला, मग बाबांनी विचारलं. रिकाम्या खोलीत ताईने हळूच भाता ओढला आणि पट्ट्यांवरून बोट सरकवत तो सूर शोधला.

रे होता.