पायरीवरची पाहुणी लाट

फळ्यावरच्या बाईंना डोळ्याला पट्टी बांधून घरात बसवणं म्हणजे काय असतं, ते त्यांच्या मुलाला विचारावं. मोतीबिंदू काढून पाच दिवस झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऊन, धूळ आणि खारा वारा या तिन्हींना सक्त मनाई केली होती आणि बाईंचं आयुष्य नेमकं या तीन गोष्टींतच गेलेलं. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता, म्हणजे उघडा डोळाही फारसा कामाचा नव्हता. पाच दिवस बाई कारखान्याच्या मागच्या खोलीत बसून, जो समोर येईल त्याच्यावर डाफरत होत्या. मुलगा हुशार, तो समोर येणंच टाळत होता.

कारखाना म्हणजे मोडक्या सर्फबोर्डांचा दवाखाना. लाकडी घोड्यांवर बोर्ड आडवे पडलेले, कुणाचं टोक तुटलेलं, कुणाच्या पाठीला भेग. फायबरचं कापड, रेझिनचा उग्र वास आणि घासून घासून उडालेली पांढरी धूळ. खिडकीपाशी सुनेचं शिलाई मशीन, त्यावर ती बोर्डांच्या जाड खोळी शिवायची. पण गावात नाव होतं ते कारखान्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्याचं. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता बाई त्यावर उद्याचा समुद्र लिहीत आल्या होत्या.

समोर, किनाऱ्यापासून दोन-तीनशे पावलांवर, पाण्याखाली खडकाची एक लांबलचक लादी आहे. खोल पाण्यातून निवांत येणारी लाट तिथे अडखळते, उभी राहते आणि उजवीकडे मोडत जाते. त्या जागेला सगळे 'पायरी' म्हणतात. पायरीवरच्या लाटेवर उभं राहायला लांबलांबून लोक येतात, आणि आल्या आल्या आधी फळा वाचतात. बाई फूट आणि मीटरच्या भानगडीत पडत नसत. गुडघा, कंबर, छाती, डोकं. एवढंच त्यांचं माप. त्याखाली वारा कधी फिरणार, म्हणजे समुद्रावरून येऊन लाटा कधी विस्कटणार, ती वेळ. आणि फळ्याचा एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. जो लिहील, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा फिरेपर्यंत फळ्याखाली उभं राहायचं. अंदाज फसला तर लोकांना तोंडावर बोलता आलं पाहिजे. लिहून पळून जायला ते काय वर्तमानपत्र आहे, असं बाईंचं म्हणणं.

त्या बुधवारी मात्र फळ्यावर फार मोठी गोष्ट अवलंबून होती. वर्षाची स्पर्धा. बंदर खातं स्पर्धेसाठी बोटींची ये-जा वर्षातून एकच दिवस थांबवतं, आणि तो दिवस आदल्या संध्याकाळी सहाच्या आत कळवावा लागतो. एकदा कळवलं की बदल नाही. परवानगीची मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी मोठं जहाज येणार होतं, म्हणजे उरले दोनच दिवस, उद्याचा गुरुवार किंवा शनिवार. चुकीचा दिवस पडला की यंदाची स्पर्धा पाण्यात, तीही सपाट पाण्यात.

"लिही," बाई खुर्चीतून म्हणाल्या. सून हातात खडू घेऊन दारात उभी होती. "उद्या कंबर. शनिवारी डोकं. अध्यक्षांना सांग, शनिवार."

बाहेर खोल समुद्रात सरकारी बोया तरंगतो. लाटेची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर तो दर तासाला कळवतो. मुलाने ते आकडे मघाशीच फोनवरून वाचून दाखवले होते. लाटा लहान, पण सतरा-सतरा सेकंदांनी, नैर्ऋत्येकडून. एवढ्याशा लाटेवर बाईंनी आजवर कंबरेच्या वर कधी लिहिलं नव्हतं.

सून हलली नाही.

"काय गं? खडू संपला?"

"आई, मला वाटतं उद्या डोक्याच्या वर येईल. आणि शनिवारी पहाटेपासूनच वारा समुद्रावरून असेल, लाटांचा सगळा चिखल होईल."

बाईंना आधी वाटलं आपल्या कानांचंही ऑपरेशन करायला हवं. ही मुलगी ज्या गावाहून आली होती तिथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे टेकडीवरची टाकी. हिला पोहता येत नव्हतं. सहा वर्षांत घोट्याच्या वर कधी पाय भिजवला नव्हता.

"कुणी सांगितलं तुला?"

सुनेने मशीनच्या खणातून एक वही आणली. पुढून तिच्यात खोळींची मापं होती. मागून मात्र वेगळंच काही भरलेलं होतं. तारीख, बोयाचे आकडे, सासूबाईंनी फळ्यावर काय लिहिलं, आणि खिडकीतून पायरीवर खरोखर काय दिसलं.

"नैर्ऋत्येची लाट आणि सोळा सेकंदांच्या वर अंतर, असं जेव्हा जेव्हा झालं ना आई, तेव्हा बोया लहान दाखवतो आणि पायरीवर मोठी येते. मी नकाशा बघितला. बोया दीपगृहाच्या बेटाच्या आडोशाला आहे. ती लाट बेटाला अडते, बोयापर्यंत तिचं शेपूट तेवढं पोचतं. पायरी आडोशाला नाही."

मग तिने वाचून दाखवलं. एकेक तारीख. फळ्यावर कंबर, पायरीवर डोकं. फळ्यावर गुडघा, पायरीवर छाती. अकरा तारखा वाचून ती थांबली, कारण सासूबाईंचा चेहरा बघून पुढे वाचायची छाती झाली नाही.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. असे दिवस त्यांनी पाहिले होते. सकाळभर कंबरेएवढं पाणी आणि मधूनच तीन-चार धिप्पाड लाटा. त्या लाटांना बाईंनी नावसुद्धा ठेवलं होतं, 'पाहुण्या'. न सांगता येतात, चार घटका बसतात, जातात. लोकही हसून म्हणायचे, आज पाहुण्या आल्या होत्या. आणि संध्याकाळी पाचला बाई फळा पुसायच्या, त्याबरोबर त्या दिवसाची चूकही पुसली जायची. अठ्ठावीस वर्षं त्यांनी चूक स्वतःच्या हाताने ओल्या फडक्याने पुसली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"सहा वर्षं माझ्या चुका टिपत बसली होतीस?" बाईंनी विचारलं. रागाने की कशाने, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"सगळंच टिपत होते. बरोबर आलेले दिवस दोन हजारांच्या वर आहेत, ते वाचून दाखवू? रात्र होईल." सून खाली बघत म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा जेवताना तुम्ही दोघं लाटांबद्दल बोलायचात. मला अक्षर कळायचं नाही. विचारायची लाज वाटायची. म्हणून लिहायला लागले."

मुलगा तेवढ्यात आत डोकावला, हवा तंग दिसताच म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मला मध्ये घेऊ नका," आणि रेझिनचा डबा उचलून नाहीसा झाला.

बाईंना सरळ म्हणता आलं असतं, मी सांगते ते लिही. फळा त्यांचा, नाव त्यांचं. उद्या काही आलं नाही तर अठ्ठावीस वर्षांचा शब्द मातीत जाणार होता, आणि या मुलीला गावात कुणी उभं करणार नव्हतं. पण आकडे खोटे वाटत नव्हते. बाईंना आपला राग खोटा वाटायला लागला होता.

"लिही," त्या म्हणाल्या. "तुझं लिही. खाली सही तुझी. आणि उद्या फळ्याखाली उभं तूच राहायचंस."

सुनेने लिहिलं. 'उद्या : डोक्याच्या वर. साडेसातनंतर. मध्ये अर्धा-अर्धा तास शांत. साडेदहाला वारा फिरेल.' अक्षर गोल गोल, शाळेतल्यासारखं.

स्पर्धेचे अध्यक्ष पावणेसहाला धापा टाकत आले. धंद्याने ते दातांचे डॉक्टर. समोरच्याला आ करायला लावून मग प्रश्न विचारायची सवय, त्यामुळे उत्तर ऐकायची फारशी सवय नव्हती. फळा वाचून त्यांचाच आ झाला.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"सुनेने."

"पण तुम्हाला पटलंय ना?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "पटलं की नाही ते उद्या सांगेन. पण ते माझ्या फळ्यावर आहे डॉक्टर, आणि मी पुसलेलं नाही. बंदराला फोन लावा."

अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला आणि फोन लावला.

गुरुवारी सकाळी साडेसातला किनारा माणसांनी फुलला होता आणि समुद्र इस्त्री केल्यासारखा सपाट होता. सून फळ्याखाली उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून. बाई डोळ्यांच्या डॉक्टरांची मनाई धाब्यावर बसवून, काळा चष्मा लावून, तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मुलगा बचावाच्या वॉटर स्कूटरवर पाण्यात होता.

सात चाळीस. सात पन्नास. लोक कुजबुजायला लागले. एकजण मुद्दाम फळ्यासमोर येऊन म्हणाला, "वहिनी, डोक्याच्या वर म्हणजे कुणाच्या डोक्याच्या, मुंगीच्या?" चार जण हसले. सुनेने ऐकून घेतलं, नियमच होता तो. बाईंनी मात्र जिथून आवाज आला तिकडे चष्मा वळवला, तसा तो गृहस्थ गर्दीत विरघळला.

सात पंचावन्नला अध्यक्ष आले. "बाई, पाच मिनिटं बघतो. मग जाहीर करावं लागेल."

"फळा नीट वाचा," बाई म्हणाल्या. "मध्ये अर्धा तास शांत, असं लिहिलंय की नाही? अर्धा तास झाला का?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. बाईंना मात्र भीती वाटत होती, आणि ती स्पर्धेची नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या पोरीचा श्वास त्यांना ऐकू येत होता, तो फार भरभर चालला होता. ही आज फसली तर पुन्हा कधी खडू हातात घेणार नाही, आणि तो दोष माझा, असं त्यांना वाटलं.

"काय दिसतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही, आई."

"बघत राहा."

"काही नाही... थांबा. पाणी मागे चाललंय. पायरीवरचा खडक काळा दिसायला लागलाय."

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांना पुढचं अंधुक, पांढुरकं दिसत होतं. पण किनाऱ्यावरची कुजबुज एकदम थांबली ते ऐकू आलं.

"सांग मला. सगळं सांग."

"आली. उभी राहिली. स्कूटर तिच्या मागे दिसेनाशी झाली. डोक्याच्या वर, आई, हातभर वर! मोडायला लागली, उजवीकडे, एकसारखी, कुठे तुटत नाहीये. मागे दुसरी. दुसरी मोठी आहे. त्यामागे अजून दोन."

पुढे तिला बोलताच आलं नाही, कारण सगळा किनारा ओरडत होता. बाईंनी तिचं मनगट पकडून ठेवलं होतं. अठ्ठावीस वर्षं पायरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आज ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली.

स्पर्धा झाली, आणि अशी झाली की पंच गुण द्यायचे विसरून बघत राहिले. दर अर्ध्या तासाला चार लाटा, न चुकता. दहा चाळीसला वारा फिरला. फळ्यापेक्षा दहा मिनिटं उशिरा, आणि त्याबद्दलही सुनेने आजूबाजूच्यांची माफी मागितली.

बक्षिसं वाटून झाल्यावर अध्यक्षांनी माइक हातात घेतला. माइक आणि दाढ, दोन्ही ते एकदा धरल्यावर सोडत नसत. "आणि शेवटी, आपल्या फळ्यावरच्या बाई! अठ्ठावीस वर्षं त्यांचा अंदाज चुकला नाही, आजही..."

"द्या इकडे," म्हणत बाईंनी माइक काढून घेतला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांनी हाताने थांबवल्या.

"डॉक्टर चुकीचं सांगतायत. माझा आजचा अंदाज कंबर होता. मी म्हणत होते स्पर्धा शनिवारी घ्या. ज्या लाटेला मी आयुष्यभर पाहुणी म्हणत आले, ती पाहुणी नाही. तिचा दिवस ठरलेला असतो. तो माझ्या सुनेने शोधला, खोळी शिवता शिवता, खिडकीतून. त्या लाटेपायी गेल्या सहा वर्षांत मी अकरा वेळा चुकले. आज बारावी वेळ होती, ती तिने होऊ दिली नाही."

सुनेचा चेहरा लालेलाल झाला होता. तिने सासूबाईंची बाही ओढली आणि कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. बाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी बांधलेल्या डोळ्यासकट सुनेकडे वळून पाहिलं, आणि पुन्हा माइक तोंडाशी नेला.

"दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या, आणि स्पर्धा जिंकणाऱ्यालाही आला नव्हता असा ताठा त्यांच्या आवाजात आला. "अकरा नाही. चौदा! तीन तिने काल मला वाचूनच दाखवल्या नव्हत्या."