मिटल्या डोळ्यांची बाहुली

समोरच्या फोटो स्टुडिओतल्या बाहुलीचे डोळे कायम मिटलेले असतात आणि फोटोत मात्र ते उघडतात, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल. बाहुली तशी साधीच. चिनी मातीचं तोंड, एका गालाला तडा, अंगात कधीकाळी निळा असलेला झगा. आडवी केली की डोळे मिटायचे आणि उभी केली की उघडायचे, अशा जातीची. पण हिच्या डोळ्यांचा खटका फार वर्षांपूर्वी अडकला तो अडकलाच. उभी करा, उलटी करा, हलवून हलवून स्वतःचा खांदा निखळवून घ्या, ती आपली झोपलेलीच. आणि तरी स्टुडिओतल्या काही जुन्या फोटोंत मुलांच्या मांडीवर बसून ती टक्क बघते आहे. ज्याच्या मांडीवर ती डोळे उघडते ते मूल जगत नाही, अशी पुढची गोष्ट.

माझं चष्म्यांचं दुकान स्टुडिओच्या बरोब्बर समोर, त्यामुळे ही गोष्ट मला उठता बसता ऐकावी लागते. माझा भुतांवर काडीचा विश्वास नाही. भुतं असती तर त्यांनाही कधीतरी चाळिशी लागली असती आणि निदान एक तरी माझ्याकडे आलं असतं.

पण मध्यंतरी फोटोवाल्यानं कहर केला. हल्ली फोटो काढून घ्यायला स्टुडिओत जातं कोण? ज्याच्या त्याच्या खिशात फोन. धंदा बसला तेव्हा त्याला बाहुली आठवली. वडिलांच्या वेळचं कपाट उपसून त्यानं तिला काचेच्या पेटीत बसवलं, पेटी दर्शनी खिडकीत मांडली आणि मागं एक जुना फोटो माणसाएवढा मोठा करून लावला. फोटोत दोन बहिणी. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार. धाकटीच्या मांडीवर बाहुली, डोळे सताड उघडे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘या मुलीचं पुढे काय झालं?’

पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं. धाकटी म्हणजे आमची चिमी, माझ्या वडिलांची सगळ्यात लहान बहीण. हा फोटो काढल्यानंतर काही दिवसांतच ती तापानं गेली. आणि थोरली म्हणजे माझी आत्या. ती रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसते, गिऱ्हाइकांना कुठली फ्रेम शोभत नाही ते तोंडावर सांगते आणि माझा धंदा बुडवते. फोटो लागला त्या दुपारी ती आली, रस्ता ओलांडण्याआधी खिडकीपाशी थांबली आणि आल्या पावली परत गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

हे आमच्या घरातलं न बोलायचं प्रकरण होतं. चिमीच्या मांडीवर बाहुली आत्यानं ठेवली होती. स्टुडिओतल्या स्टुलावर ती पडलेली होती, आत्यानं उचलून दिली, एवढंच. पण चिमी गेल्यावर आजी येणाऱ्या जाणाऱ्याला तो फोटो दाखवायची. बघा कशी टवटवीत होती पोर, डोळे बघा तिचे, काय झालं होतं हिला? मग आत्याकडे वळून म्हणायची, “तुला कुणी सांगितलं होतं ती बाहुली द्यायला?” डोळे मिटेपर्यंत आजीनं हे पालुपद सोडलं नाही. आत्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. फक्त तेव्हापासून ती कुठल्याच लहान मुलाच्या हातात काही देत नाही. मला खाऊ आणायची तोसुद्धा टेबलावर ठेवून लांब व्हायची. लहानपणी मला वाटायचं, आत्या तुसडी आहे. खरं कारण वडिलांकडून कळलं तेव्हा मी चांगली मोठी झाले होते, आणि मला आजीचा इतका राग आला होता की तो अजून पुरता गेलेला नाही.

तर मी आत्याच्या घरी गेले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“बरं नाही का?” मी विचारलं.

“त्याला तो फोटो उतरवायला सांग,” ती म्हणाली. “घरात होतं ते ठीक होतं. सगळ्या गावानं बघायला नको.”

“काय बघायला नको?”

“मी काय केलं ते.”

सत्तरी ओलांडलेली बाई हे बोलत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच उठले आणि तरातरा स्टुडिओ गाठला.

“तो फोटो आत्ताच्या आत्ता उतरव,” मी फोटोवाल्याला म्हटलं.

“ताई, आधी बसा तर. चहा सांगतो.”

“चहा तू पी. त्यातली थोरली माझी आत्या आहे.”

त्याचं तोंड एवढंसं झालं. माणूस वाईट नाही, नुसता हौशी आहे. “शप्पथ सांगतो ताई, मला ठाऊक नव्हतं. बाबांच्या जुन्या फोटोंत सापडला, बाहुलीचे डोळे मस्त आलेत म्हणून लावला.”

तो स्टूल घेऊन खिडकीत चढला आणि खिळे उपसायला लागला. तेवढा वेळ मी फोटोसमोर उभी. आमच्या घरी हाच फोटो आहे, पण तळहाताएवढा. इथं एकेक डोळा बशीएवढा झाला होता. आणि डोळा समोर आला की मी तो बघतेच, सवयच आहे ती. लग्नाच्या वेळीही मी नवऱ्याचा आधी तिरळेपणा तपासला होता.

प्रत्येक डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो. खिडकी ज्या बाजूला, ठिपका त्या बाजूला. आत्याच्या डोळ्यात तो डावीकडे होता, आणि स्टुडिओची मोठी खिडकीही त्याच बाजूला होती. चिमीच्या डोळ्यात तो उजवीकडे होता. बाहुलीच्याही उजवीकडेच. एकाच खोलीत खेटून बसलेल्या दोघी बहिणींवर उजेड दोन बाजूंनी कसा येईल?

“थांब,” मी म्हटलं. “उतरवू नकोस.”

“आत्ता तर म्हणालात...”

“आधी मला ते बाकीचे फोटो दाखव. बाहुली जागी असलेले.”

त्यानं खोका आणला. भिंग माझ्या पर्समध्ये असतंच. पाहिलेल्या प्रत्येक फोटोत मुलांच्या डोळ्यांतला ठिपका डावीकडे आणि बाहुलीचा उजवीकडे. एका फोटोत तर बाहुली अंमळ तिरळीसुद्धा होती.

“आणि ही सगळी मुलं मेली?” मी विचारलं.

त्यानं मान खाजवली आणि एका फोटोतल्या मुलावर बोट ठेवलं. “हा माझा थोरला भाऊ आहे. परवाच पोराच्या लग्नात नाचत होता. पण गोष्ट सांगताना कशाला मध्ये त्याला आणायचं?”

“बाबांच्या वेळी फोटोंवर टचिंग कोण करायचं?”

“आई. पण टचिंग म्हणजे सुरकुत्या, तारुण्यपिटिका पुसणं, असलं. बाहुलीचे डोळे कोण कशाला टच करेल? वरच आहे ती, विचारा. जरा मोठ्यानं बोला.”

वरच्या खोलीत काकू खिडकीशी शेंगा सोलत बसल्या होत्या. नाकावर माझ्याच दुकानातला चष्मा, दांडीला दोरा बांधलेला. मी फोटो त्यांच्यापुढे ठेवून बाहुलीवर बोट टेकवलं. त्या बघत राहिल्या, आणि मग खांदे हलवून हसायलाच लागल्या.

“ती चूक अजून चालू आहे होय?” त्या म्हणाल्या.

लग्न होऊन त्या या घरात आल्या आणि नवऱ्यानं त्यांच्या हातात पेन्सिल आणि बारीक पाती दिली. निगेटिव्ह खिडकीच्या काचेला टेकवायचं आणि त्यावर काम करायचं. पेन्सिल लावली की फोटोत तिथं पांढरं येतं, पातीनं खरवडलं की काळं. “तेव्हा फोटोसाठी श्वास रोखून बसायला लागायचं,” काकू म्हणाल्या. “मुलं हमखास डोळे मिटायची. तसला फोटो लोक परत आणून टाकायचे. म्हणून ह्यांचा नियम होता, मिटलेला डोळा दिसला की उघडायचा. विचारत बसायचं नाही.”

“पण काकू, ती बाहुली होती.”

“ते मला काय ठाऊक? निगेटिव्हमध्ये सगळ्यांचे चेहरे काळे आणि केस पांढरे. चेहरा वाटाण्याएवढा. मला वाटलं, मांडीवर तान्हं मूल आहे. डोळे मिटलेले होते, उघडले. फोटो छापल्यावर हे पोट धरून हसले. पण लोकांना आवडलं. पुढची गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आमच्याही फोटोत बाहुली जागी पाहिजे. वेळ असला की करून द्यायची. भुताखेताचं नंतर कुणीतरी चिकटवलं.”

“आणि ठिपका उलट्या बाजूला?”

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. निगेटिव्हच्या ज्या बाजूला रसायनाचा थर असतो त्या बाजूनं काम करायचं, त्यांनी सांगितलं, आणि तिथून डावं उजवं उलटं दिसतं. त्या आपल्या दिसेल त्या डावीकडे ठिपका ठेवायच्या. “इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही,” त्या म्हणाल्या, जरा नाराज होऊन.

मला भलताच आनंद झाला होता. एवढ्या वर्षांच्या भुताचा मी छडा लावला होता. त्या भरात मी विचारून टाकलं, “मग या मुलीचे डोळेही तुम्हीच काढले ना?”

काकूंचं हसू थांबलं. “ही गेली ती,” त्या म्हणाल्या. “हो. माझं पहिलंच काम ते, म्हणून आठवतं. दोन्ही वेळा झोपलेलीच होती. अंगात ताप होता ना पोरीच्या.”

“ताप? फोटोच्या दिवशी?”

“मग. तिच्या आईनंच ह्यांना सांगितलं. नवरा परगावी नोकरीला, फोटो त्याला पाठवायचा, पोर आजारी दिसली तर तो काळजी करेल, डोळे नीट उघडे पाहिजेत. नंतर पोर गेल्यावर ती बाई इथं येऊन रडली. मला म्हणाली, डोळे अगदी तिचेच काढलेस गं.”

म्हणजे आजीला ठाऊक होतं. चिमी तापलेली होती हे ठाऊक होतं, डोळे काढलेले आहेत हे ठाऊक होतं, आणि तरी ती तेच डोळे लोकांना दाखवत राहिली आणि आत्याला बोल लावत राहिली. आजारी मुलीला फोटोसाठी नेऊन बसवलं हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा तिला ते सोपं गेलं असेल. मला हे समजत होतं. पण समजलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे?

“दोन्ही वेळा म्हणजे काय?” फोटोवाल्यानं दारातून विचारलं. तो कधी वर आला होता कोण जाणे.

“तुझे बाबा नेहमी दोन फोटो काढायचे. एकावर मी काम करायची. दुसरा तसाच ठेवायचा, माझी पाती चुकली तर असावा म्हणून.”

तो दुसरा फोटो शोधायला फोटोवाल्यानं अख्खा माळा उपसला. मला वाटलं होतं टाळाटाळ करेल, पण त्यालाही आता चैन पडत नव्हती. संध्याकाळी धुळीनं माखलेला तो दुकानात आला आणि नुकता छापलेला फोटो माझ्यापुढे ठेवला. “खिडकीतला मी उतरवलाय,” एवढंच म्हणाला. फोटोकडे पुन्हा एकदा बघून तो गेला.

आत्याच्या घरी जाताना मी ठरवलं, बाहुलीचं सांगायचं, चिमीच्या तापाचं सांगायचं, आजीचं मात्र नाही सांगायचं. मेलेल्या बाईची उणीदुणी काढून आत्याला काय मिळणार? मी तिला उठवून बसवलं, चष्मा पुसून दिला आणि फोटो हातात दिला. मग काकूंची पाती, वाटाण्याएवढे चेहरे, उलटा ठिपका, सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना. ती नुसती बघत होती.

या फोटोत चिमीचं डोकं आत्याच्या खांद्यावर कलंडलेलं होतं. तोंड जरासं उघडं, डोळे मिटलेले. बाहुलीचेही मिटलेले. आत्याचा एक हात चिमीच्या पाठीमागून येऊन तिच्या दंडाशी होता, दुसऱ्या हातानं तिनं चिमीचे दोन्ही हात बाहुलीवर धरून ठेवले होते. नऊ वर्षांची मुलगी, ताठ बसलेली, समोर बघणारी.

“हिचे हात सारखे घसरत होते,” आत्या म्हणाली. “टेकायला काहीतरी असावं म्हणून मी बाहुली दिली.”

मी फोटोतले ते हात पुन्हा पाहिले.

“मी आईला म्हटलं, आई, ही भाजतेय. आई म्हणाली, गप्प बस आणि समोर बघ.”

“आत्या,” मी म्हटलं, “हे तुला आठवत होतं? मग तू कधी बोलली का नाहीस?”

“मला वाटायचं, माझ्यावर येऊ नये म्हणून मीच हे मनात रचलंय. फोटोत तर ती चांगली जागी दिसायची. फोटो कसा खोटा असेल?”

साठ वर्षं या बाईनं स्वतःला खोटं ठरवलं होतं, आणि तेही एका नवख्या हातानं खरवडून काढलेल्या दोन डोळ्यांवर विश्वास ठेवून. मी तिच्या शेजारी बसले आणि रडले, कारण ती रडत नव्हती. ती फोटोवर वाकली होती आणि चिमीच्या मिटल्या डोळ्यांवरून बोट फिरवत होती.

“झोपली होती गं ती,” आत्या म्हणाली. “मी धरून बसले होते तिला.”