निम्मं आटवलेलं पाणी

बाळंतपणाला आलेल्या लेकीला कच्चं पाणी द्यायचं नाही, हा मालतीबाईंच्या माहेरचा नियम. पाणी निम्मं आटेपर्यंत उकळायचं, म्हणजे पचायला हलकं. धरणगाव सुटलं, नवरा निंबा सुरतेत कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये लागला, विहिरीच्या जागी बमरोलीच्या गल्लीतली बोर आली, तरी नियम टिकला. पहिलटकरीण नूतन अमळनेरहून आल्यापासून एक शेगडी फक्त पाण्यासाठी राबत होती. गल्लीत मालतीबाईंच्या निगुतीचं कौतुक होतं.

मग एका संस्थेची वर्षा आली. बोरचं पाणी तपासायला तिनेच नेलं होतं.

"मासी, पाण्यात शिसं निघालंय. पोटातल्या बाळाला फार वाईट."

मालतीबाई निर्धास्त हसल्या. "आम्ही उकळतो ना. चांगलं निम्मं आटवतो."

"उकळून जंतू मरतात, मासी. शिसं मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं, शिसं तेवढंच राहतं."

"म्हणजे निम्म्या पाण्यात..."

"दुप्पट."

"मग कच्चं देऊ?"

"कच्च्याने जुलाब होतील," वर्षा म्हणाली. मुलगी सभ्य होती; दोन्ही बाजू मांडून गेली.

संध्याकाळी निंबा आला. मालतीबाईंनी जारचं पाणी मागवायला सांगितलं.

"तो जारवाला आपलाच बोरनं पानी भरस," तो म्हणाला. "थंडं करी देस, इतकंच."

"मिलवाल्याला विचारा की, गटारात काय सोडतात ते," नूतन म्हणाली.

"तोच पगार देस, माय," निंबा लेकीला म्हणाला.

शेवटी मालतीबाईंनी अमळनेरला फोन लावला. "विहीणबाई, नूतनला परत धाडते."

"आठवा लागलाय. आठव्यात कुणी गाडीत बसवतं का? आणि पहिलं बाळंतपण माहेरी जमेना, हे मी चारचौघींत कसं सांगू?"

"इथलं पाणी खराब आहे हो."

"मग उकळून द्या की."

फोन ठेवून मालतीबाईंनी सवयीने पातेलं चढवलं. पाण्याला बारीक बुडबुडे सुटले तशी घाईने उतरवलं. पुन्हा चढवलं. पुन्हा उतरवलं.

नूतनने घोट घेतला. "माय, आज नीट उकळलेलं नाही वाटतं."

"पी," मालतीबाई म्हणाल्या. आणि लगेच, "सगळं नको पिऊ."