बेडूक गप्प का बसला?

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना कारंज्यावरच्या दगडी बेडकाकडे वळलेल्या. डोक्यावर तिरकी टोपी, पोट सुटलेलं, तोंडातून पाण्याची चूळ. आज त्याच्यासोबत फोटो काढायला लांबलांबून पर्यटक येतात. माझ्या लहानपणी लोक त्याच्यापुढे चळाचळा कापायचे. कारण कुणी खोटं बोललं की बेडकाची चूळ थांबायची!

हा चमत्कार शोधून काढला एका छत्रीवाल्याने. छत्र्या खपेनात, तेव्हा तो कारंज्याशेजारी सतरंजी अंथरून, खुर्ची टाकून बसला आणि ‘सत्याचे टॉवेल’ विकू लागला. टॉवेल घेणारे झाडून सगळे खरे निघत.

“बेडूकमहाराजांपुढे मोठमोठे वकील गार पडले!” तो ओरडायचा. “तिथे तुमची काय कथा!”

त्या दिवशी समोर माझी ताई उभी होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. दोघांची मनंही जुळलेली. पण त्याच्या आईला बेडकाचा निकाल हवा होता. आणि बाबांनी टॉवेल घ्यायला साफ नकार दिला होता.

“याआधी तुझं कुठे जमलं होतं का गं?” होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

“नाही हो.”

छत्रीवाल्याने डोळे मिटले आणि तो खुर्चीत मागे रेलला. चूळ थांबली.

“अगंबाई! मोडलं म्हणायचं लग्न!” सासूबाई म्हणाल्या.

ताईचे डोळे भरून आले. घड्याळवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. छत्रीवाला लगबगीने उठला, तशी चूळ पुन्हा सुरू झाली. “घ्या, टॉवेल घ्या!” तो गर्दीकडे वळला. “यात माझा दमडीचाही स्वार्थ नाही!”

आमची आत्या अंगाने भरभक्कम, त्यात गुडघे दुखरे. रिकामी खुर्ची दिसताच ती धप्पकन बसली आणि ‘हुश्श’ करून मागे रेलली.

बेडूक गप्प!

“अरे, बेडकानं छत्रीवाल्यालाच पकडलं की!” गर्दीतून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

“बाई, उठा! आधी उठा!” छत्रीवाला किंचाळला.

“का रे बाबा? खुर्चीत बसलं की बेडूक रुसतो?”

आत्या उठली. चूळ सुरू. रेलून बसली. बंद. गुडघे विसरून ती उठबशाच काढू लागली आणि बेडकाला उचकी लागल्यासारखं झालं. बाबांनी सतरंजी उचलली. खाली कारंज्याला पाणी नेणारी रबरी नळी. खुर्चीच्या मागच्या पायांना आडवी पट्टी ठोकलेली. मागे रेललं की पट्टीखाली नळी चेपायची, पाणी बंद!

छत्रीवाला टॉवेल टाकून पळाला.

“मग काय, लग्न ठरलं!” सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या.

“थांबा.” ताई घड्याळवाल्याकडे वळली. “बेडूक गप्प बसला, कारण त्याची नळी चेपली होती. तुम्ही का गप्प बसलात?”

तो कानापर्यंत लाल झाला. “आईला घाबरलो,” भर चौकात, आईसमोर तो म्हणाला. “चुकलंच माझं.”

“खरं बोलतोय हो,” आत्या म्हणाली. “बघा, मी उभी आहे आणि चूळही चालू आहे!”

ताईने त्याला हो म्हटलं. भावोजी आता नाहीत. पण जन्मभर ताईने जे विचारायचं ते थेट त्यांनाच विचारलं. तुम्हीही माणसाला माणसासारखं विचारा. बेडकाचे फोटो खुशाल काढा. मात्र दगडाच्या तोंडून कुणी माणसाचा खरेपणा ठरवू लागला, तर हात जोडण्याआधी सतरंजी उचलून बघा.