घोडा बघून येतो

"अहो, मान सांभाळा! बसचा रेडिएटर नाही तो," गुलसून नवऱ्यावर खेकसली.

जानिशने नातीला दोन्ही हातांत ताठ धरलं होतं. गावातल्या झाडून सगळ्या बसगाड्या दुरुस्त करणारा हा बहाद्दर एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच तान्हं मूल उचलत होता. स्वतःची तीन होती. पण वडिलांसमोर आपलं मूल उचलणं म्हणजे त्या घरात निर्लज्जपणाची हद्द, आणि त्याचे वडील तोक्तोमुश, ज्यांना सगळे आदराने 'आके' म्हणत, सदान्‌कदा शेगडीपाशी ठाण मांडून बसलेले. नातवंडांचे लाड करायला मात्र आजोबांना पूर्ण मुभा. त्यामुळे जानिश आता मटामट मुके घेऊन जुनं उट्टं काढत होता.

समोर जानिशचा मुलगा, बाळाचा बाप एर्मेक दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. अर्ध्या तासात टॅक्सी येणार होती. मग मॉस्को, दोन वर्षं.

"चहा घ्या की," सून म्हणाली.

"हात गुंतलेत," एर्मेक म्हणाला.

जानिशने त्या दाबलेल्या हातांकडे पाहिलं. त्याने नातीला अलगद एर्मेकशेजारच्या गोधडीवर ठेवलं.

"मी जरा सरपण बघून येतो."

"सरपणात काय बघायचंय?" गुलसूनने विचारलं.

"आहे की नाही ते!"

"थांब, मीपण येतो," तोक्तोमुश आके गुडघे धरत उठले. "घोडा बघायचाय."

"आके, घोडा जाऊन बारा वर्षं झाली."

"मग बघायलाच हवं."

दोघे बर्फात येऊन उभे राहिले. जानिशची मान हळूच खिडकीकडे वळली.

"बघू नकोस तिकडे! लाजेल तो. मी कधी बघितलं नाही."

"कधी म्हणजे?"

"तुझी पोरं लहान होती तेव्हा. दिवसातून चारदा यायचो बाहेर. घोडासुद्धा वैतागायचा माझ्यावर."

जानिशला हसू फुटलं आणि मध्येच विरलं. बापाला आपल्यापेक्षा घोड्याचाच लळा जास्त, असं तेव्हा त्याला वाटायचं, आणि त्याचा रागही यायचा. आके बाहेर गेले की ते केव्हाही परत येतील म्हणून तो दाराकडे डोळे लावून, हात आवरून बसून राहायचा. पोरं रांगत त्याच्या गुडघ्यापर्यंत यायची आणि कंटाळून परत जायची.

"घ्यायचास ना रे त्यांना?" म्हाताऱ्याने विचारलं.

जानिशने पुढे होऊन त्यांच्या टोपीची झापड कानांवर नीट ओढली.

"घ्यायचो की, आके. रोज."

"मग झालं तर," म्हातारा समाधानाने म्हणाला.

टॅक्सीचा हॉर्न वाजेपर्यंत दोघे खिडकीकडे पाठ करून तसेच उभे राहिले.