सातवा बूट

लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात बसून रफूबाईनं आयुष्यभर लोकांची भोकं बुजवली, पण त्या दिवशी तिनं जे बुजवलं ते भोक नव्हतंच. काळ्या कोटाच्या कॉलरवरचं काज होतं ते. टाके उसवलेलं, कडा विसकटलेल्या. भरल्या डोळ्यांना ते फाटलेलं दिसलं. तिनं आतल्या शिलाईतून त्याच कापडाचे धागे काढले आणि उभ्या-आडव्या विणीत असे बसवले की तिथं कधीकाळी काज होतं हे कोटाच्या मालकालाही पटेना. गृहस्थ कॉलरवरून बोट फिरवत राहिला.

"काम झकास आहे हो," तो शेवटी म्हणाला, "पण माझं काज कुठं गेलं?"

इस्त्रीवाला इस्त्री उभी करून पोट धरून हसला. लॉन्ड्रीचा मालक मात्र हसला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "बाई, उद्या तुम्ही खिसे शिवून टाकाल. आधी डोळे दाखवून या. मगच सुई हातात घ्या."

आता सुईच काढून घेतली तर रफूबाईकडं उरतं काय? घरी एक रिकामी खुर्ची आणि इथं हे टेबल. तिनं सुई पिनकुशनला टोचली आणि चष्मा पुसण्याचं निमित्त करून खाली बघत बसली.

तिचे डोळे गेली कित्येक वर्षं कोरडे पडत होते. गंमत अशी की कोरड्या डोळ्यांतूनच पाणी जास्त वाहतं. आत वाळू भरल्यासारखं खुपतं आणि डोळा बिचारा घाबरून पाणी सोडतो. गिऱ्हाइकांना काय ठाऊक! "एवढं मनाला लावून घेऊ नका हो, जुनीच पँट आहे," असं एक आजोबा तिला समजावून गेले होते. दोष तिच्या कामाचाही होता. धाग्याखालून सुई जात असताना ती पापणी मिटायची विसरायची. त्यात इस्त्रीवाल्याचा पंखा दिवसभर तिच्या तोंडावर. पण पंखा वळव म्हणावं तर तो बापडा भट्टीत उभा.

थेंबांची बाटली तिला पहिल्यांदा लिहून दिली गेली तेव्हा तिनं आरशासमोर उभं राहून प्रयत्न केला होता. थेंब नाकावर पडला, भुवईवर पडला, एक तर थेट कानात गेला. नवरा दारात उभा राहून बघत होता. तो बस चालवायचा. पहाटेची पाळी, अंगावर गणवेश, हातात डबा. त्यानं डबा खाली ठेवला, तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि म्हणाला, "वर बघ. कोळ्याचं लग्न आहे."

तिनं वर बघितलं. थेंब बरोबर पडला.

मग तेच ठरून गेलं. सकाळी बसवर जाण्यापूर्वी एकदा, संध्याकाळी आल्यावर एकदा. लग्न मात्र काही लागेना. कारण नवरदेव कोळी, त्याला आठ पाय, आठ पायांना आठ बूट, आणि ऐन वेळी ते हरवलेले. कधी एखादा सापडायचा, मग त्याची नाडी नाही. कधी नवरी रुसायची, कधी वाजंत्री झोपून जायचे. "आज तरी लागेल का हो?" ती मान मागे टाकून विचारायची. "बघू," तो म्हणायचा, "सहाच बूट झालेत." खरं सांगायचं तर दोन-चार महिन्यांत तिला स्वतःच्या हातानं थेंब घालायला जमलं असतं. तिनं शिकायचं मनावरच घेतलं नाही. आपल्याला जमतच नाही, असं ती चारचौघांत इतक्या तोऱ्यात सांगायची की शेवटी तिलाही ते खरं वाटायला लागलं.

मागच्या वर्षी तो गेला. छातीत कळ आली, बस त्यानं नीट कडेला लावली, आणि गेला. लग्न राहिलं.

त्यानंतर तिनं नवी बाटली आणली होती. ती गालांनीच संपवली. पण फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागं, त्यानं उघडलेली शेवटची बाटली होती. अर्धी भरलेली. त्याच्या दाबानं प्लॅस्टिकला एका बाजूला खळगा पडला होता, तो पुन्हा वर आला नव्हता. फारच खुपायला लागलं की ती बाटली घेऊन आडवी व्हायची, मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब सोडायची आणि हळूच पापणी उघडायची. हा थेंब बरोबर आत जायचा. संपू नये म्हणून ती जपून वापरायची. उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची असते, हे तिला माहीत होतं. वेष्टणावर छापलेलंच होतं. पण टाकायची कशी?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावून बराच वेळ पाहिलं. "उजव्यात संसर्ग झालाय. एखादी जुनी, उघडी बाटली वापरता का?"

"छे," रफूबाई म्हणाली. म्हाताऱ्या माणसानं असं धडधडीत खोटं बोलावं, आणि तेही हनुवटी टेकवून!

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आधी आठवडाभर संसर्गाचं औषध. मग एकेकदाच वापरून फेकायच्या छोट्या नळ्या. रोज मिटलेल्या डोळ्यांवर सोसवेल इतक्या गरम पाण्याची पट्टी, पापण्यांच्या कडांना हलकं चोळणं. पंखा तोंडावर नको. दोन-चार टाके झाले की डोळे पूर्ण मिटायचे, मग पुढचा टाका.

"म्हणजे कायमचं बरं कधी होईल?"

"हे जाणारं दुखणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रोज निगा ठेवली तर छळणारही नाही. कंटाळा केलात की परत येईल. थेंब घालायला घरी कोण आहे?"

"आहेत ना," ती म्हणाली, आणि रस्त्यावर येईपर्यंत तिनं पदर डोळ्यांवरून काढला नाही.

घरी आल्यावर तिनं स्टुलावर बसून औषधाची अर्धी बाटली स्वतःच्या गळ्यावर ओतली. मग निमूटपणे फोन उचलला आणि नणंदेला विचारलं, "वन्सं, दोन दिवस येता का?"

वन्संनी टेलिफोन खात्यात नोकरी केलेली. त्यांना फोनची गरज आहे की नाही, अशी शंका यावी असा आवाज. दोघींचं कधी जमलं नव्हतं. भावाला हिनं आपल्याकडून पळवलं असं वन्संना वाटायचं, आणि लग्न झालं तरी वन्संचा भावावरचा हक्क काही सुटत नाही असं तिला. भाऊ गेल्यावर भांडायलाही विषय उरला नव्हता. तरी वन्सं दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्या. पिशवी ठेवली, चहा गॅसवर चढवला, दुधासाठी फ्रिज उघडला, आणि आवाज आला, "अगं, ही काय घाण सांभाळलीयस? वर्षाची जुनी बाटली! हिच्यापायीच डोळा घालवलास की!"

त्यांचा हात कचऱ्याच्या डब्याकडं गेला. रफूबाईनं बाटली अशी हिसकावली की स्टूल आडवं झालं.

"हात लावू नका! ह्यांनी उघडलेली आहे ती."

वन्सं एक पाऊल मागं सरल्या. मग त्यांनी हात पुढं केला. हिसकावायला नव्हे, मागायला. तिनं थोडा वेळ घेऊन बाटली दिली. वन्संनी ती उजेडात धरली, त्या खळग्यावरून बोट फिरवलं आणि तिथं आपला अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. तोच रुंद, चपटा, टोकाला किंचित मागं वळलेला अंगठा. इतक्या वर्षांत रफूबाईनं वन्संच्या तोंडाकडं पाहून भांडण केलं होतं. हातांकडं कधी पाहिलंच नव्हतं.

"टाकत नाही मी," वन्सं म्हणाल्या. आवाज घरातल्या घरात मावेल एवढाच होता. "पण डोळ्यात घालायची नाही. त्यानं तुझे डोळे राखायला घेतली होती ना ती?" त्यांनी बाटली वरच्या फळीवर, कपबश्यांच्या शेजारी उभी केली. स्टूल सरळ केलं. "बस."

ती बसली. वन्संनी हात धुतले, औषध घेतलं, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. तोच स्पर्श, तेवढाच दाब.

"वर बघ," वन्सं म्हणाल्या. "कोळ्याचं लग्न आहे."

तिनं मान झटकली. थेंब गालावर गेला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय कशाला? आमच्या आईचं आहे. लहानपणी आमचे डोळे आले की ती असंच म्हणायची."

रफूबाईला राग आला. गेलेल्या माणसाचा राग. आपल्यासाठी म्हणून जे सुचलं असं ती धरून चालली होती, ते आईकडून आलेलं, बहिणीनं आधीच ऐकलेलं निघालं. म्हणजे आपल्या वाट्याचं असं काय होतं?

"आणि बूट?" तिनं विचारलं.

"कसले बूट?"

"नवरदेवाचे. आठ. हरवलेले."

"छे गं, बूटबीट काही नव्हते. कोळ्याचं लग्न आहे, म्हणेपर्यंत थेंब पडायचा. की लागलं लग्न, पळा खेळायला."

"ह्यांच्या गोष्टीत लागलंच नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं. रोज काहीतरी निघायचं. बूटच सापडायचे नाहीत."

वन्संनी औषध खाली ठेवलं. "त्यानं लांबवलं होय," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या त्या धाकट्यानं? अगं, त्याला जेवणाच्या ताटावर बसायचा धीर नव्हता. गोष्ट सांगायला घेतली की शेवट आधी सांगून मोकळा व्हायचा."

तेव्हा मात्र रफूबाईला रडू फुटलं. गिऱ्हाइकांना दिसायचं ते खुपण्याचं पाणी नव्हे. वर्षभर अडून बसलेलं, ऊन ऊन, भरपूर. वन्सं तिचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या आणि स्वतःचं नाक पदरात शिंकरत राहिल्या. चहा उतू गेला, तो कुणी उतरवला नाही.

बऱ्याच वेळानं वन्संनी ओल्या फडक्यानं तिचे डोळे टिपले, हात पुन्हा धुतले. "दोन दिवसांचं म्हणालीस, पण आठवडाभराचं औषध आहे. राहते मी. मग तुलाही शिकवीन, आपल्या हातानं घालायला."

"मला जमत नाही."

"माहितेय मला तुझं जमत नाही ते." अंगठा पापणीखाली आला. "काय करायचं मग? लावून टाकायचं का लग्न?"

"नको," रफूबाई घाईनं म्हणाली.

"किती बूट सापडले होते?"

"सहा."

वन्संनी औषध उचललं. "सातवा बसमध्ये राहिला असेल. मागच्या सीटखाली. धांदरट होता मेला. वर बघ, शोधू."

तिनं वर बघितलं, आणि डोळा उघडा ठेवला.